दोष विहिरीचा नव्हता

माझं नाव आनंदी, आडनाव गोडबोले. "या दोन्हींपैकी एकही गोष्ट तुमच्या चेहऱ्यावर दिसत नाही," असं आमच्या हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर, यज्ञेश्वर सर, मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते. मी म्हटलं, "ईसीजी काढायला चेहरा लागत नाही, सर." त्यानंतर सव्वीस वर्षं मी त्याच खोलीत ईसीजी काढले. त्यातली शेवटची सतरा डॉक्टर सुनीती आगाशे यांच्याबरोबर. ती सतरा वर्षं फार चांगली गेली.

सुनीतीबाई आमच्याकडे आल्या १९८६ साली. वय तेहतीस. नारायण पेठेत वाढलेल्या, दिल्लीला शिकलेल्या. बोलणं मोजकं. त्या काळी पुण्यात हृदयाचा डॉक्टर म्हणजे हार्ट अटॅकचा डॉक्टर. सुनीतीबाईंना मात्र ठोक्यांचं वेड होतं. ठोका का चुकतो, का धावत सुटतो, मधेच का थांबतो, हेच त्यांच्या डोक्यात असे.

यज्ञेश्वर सर एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, इथे पाइप तुंबलेले पेशंट रांगेत बसलेत आणि तुम्ही वायरिंग काय तपासत बसता?"

"दिवे वायरिंगनं लागतात, सर," त्या म्हणाल्या आणि हातातला कागद बघू लागल्या.

त्यांची एक सवय होती. चार वाजता माझ्या खोलीत यायचं आणि त्या दिवशीचे सगळे ईसीजी पुन्हा बघायचे. दुसऱ्या डॉक्टरांनी 'नॉर्मल' लिहून सही केलेलेसुद्धा. कंपासपेटीतलं कर्कटक घेऊन त्या कागदावरचे बारीक चौकोन मोजत. मला सुरुवातीला राग यायचा. पाच वाजता घरी जायचं सोडून मी त्यांच्यासाठी पट्ट्या उलगडत बसायची. नंतर नंतर पाच वाजल्याचं माझ्याही लक्षात येईनासं झालं.

त्या ऑगस्टमध्ये शालू आली. बारा वर्षांची, धायरीची. वडील बजरंग शेडगे. घरची शेती, शिवाय सिंहगड रोडला विटा-वाळूचं दुकान. आई विजयमाला. शाळेच्या पटांगणात खो-खो खेळताना मुलगी धाडकन पडली होती. तशी ती चौथ्यांदा पडली होती. तिला फिट्स येतात असं दोन वर्षांपूर्वी कुणीतरी सांगितलं होतं आणि तेव्हापासून फिटच्या गोळ्या चालू होत्या. त्या गोळ्यांनी पोर दिवसभर पेंगायची. मास्तर म्हणायचे, मुलगी मंद आहे.

मी ईसीजी काढला. आमचं मशीन एका वेळी एकच रेघ काढायचं. मग पट्ट्या कापून कार्डावर चिकटवायच्या. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी 'नॉर्मल' लिहिलं. शेडगे मंडळी स्वारगेटची बस गाठायला निघणार, एवढ्यात चार वाजले आणि सुनीतीबाई आल्या.

शालूच्या कार्डावर त्यांचं कर्कटक थांबलं. त्यांनी ते उचललं, पुन्हा ठेवलं.

"आनंदीताई, हे जरा तुम्ही मोजा."

मी मोजले. "तेरा घरं."

"मलाही तेराच आली. या गतीला अकराच्या आत हवीत. त्यांना थांबवा. बस चुकली तर चुकली."

मी पायऱ्यांवरून पळत गेले. बजरंगराव वैतागूनच परत आले. सुनीतीबाईंनी शालूला जवळ बसवलं आणि आईला विचारलं, "पडते तेव्हा तोंडाला फेस येतो? हातपाय झटकते?"

"न्हाय. पांढरीफटक पडती. मग आपली आपण उठून बसती."

"बसल्या जागी कधी पडलीय?"

"न्हाय बाई. पळतानाच."

सुनीतीबाई बजरंगरावांकडे वळल्या. "तुमच्या घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय?"

उत्तर विजयमालाताईंनी दिलं, पदराआडून, अगदी हळू. "आमच्या हिरीनं तिघं न्हेली."

"पोहता येत नव्हतं?"

"आवं, गावात त्यांच्यावाणी पवणारं कुणी न्हवतं."

सुनीतीबाईंनी कर्कटक टेबलावर ठेवलं. त्यांचा चेहरा मी इतक्या जवळून पूर्वी पाहिला नव्हता. फार दिवस न सुटलेलं गणित अचानक सुटावं तसा तो दिसत होता. ही माणसं बसलीत तोवर हसायचं नाही, म्हणून त्या ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या.

त्यांनी सगळं सोपं करून सांगितलं. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला थोडा वेळ लागतो. शालूच्या हृदयाला तो जरा जास्त लागतो. एरवी काही बिघडत नाही. पण पळताना, पोहताना ठोके धावत येतात. एखादा ठोका ती तयारी व्हायच्या आतच येऊन आदळतो, आणि मग हृदय ठोके द्यायचं सोडून नुसतं थरथरतं. थरथर आपोआप थांबली तर माणूस उठून बसतो.

"आन् न्हाय थांबली तर?" बजरंगरावांनी विचारलं.

"म्हणून तर तुमची बस चुकवली," बाई म्हणाल्या. "यावर गोळी आहे. रोजची. फिटची औषधं आपण हळूहळू बंद करू. आणि रविवारी मी तुमच्या घरी येणार आहे. घरातल्या सगळ्यांना थांबायला सांगा."

रविवारी आम्ही बाईंच्या स्कूटरवरून धायरीला गेलो. मशीन माझ्या मांडीवर. तेव्हा वडगाव ओलांडलं की दोन्ही बाजूंना शेतं लागायची. शेडग्यांचं घर रस्त्यापासून आत होतं, आणि घराच्या मागे ती विहीर. तोंडावर लोखंडी पत्रे टाकलेले, त्यावर दगड. पंधरा वर्षं तिच्यातलं पाणी कुणी उपसलं नव्हतं. विहिरीत जखीण आहे असं सगळं गाव म्हणायचं, आणि शेडग्यांच्या घरात मुली द्यायला लोक कचरायचे.

बजरंगरावांचे वडील सोनबा ओसरीवर बसले होते. सहासष्ट वर्षांचे, उंच, ताठ. त्यांनी आम्हाला नमस्कार केला, पाणी दिलं, आणि सरळ सांगितलं, "बाई, माझा भाऊ हिंदुराव गेला, भन शकू गेली, आन् माझा पोरगा भैरू गेला. आता तुमी कागूद काढून काय हुतंय?"

या प्रश्नाला बाई काहीतरी चिमटा काढणारं उत्तर देतील अशी मला धास्ती होती. त्या जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "भैरू कसा गेला ते सांगाल मला?"

सोनबा सांगू लागले. वैशाखातली दुपार होती. भैरू सतरा वर्षांचा. त्यानं वरून सूर मारला, हसत हसत दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीत मध्यावर गेला आणि तोंड पाण्यात घालून राहिला. सगळ्यांना वाटलं, मस्करी करतोय.

"बुडणारा मानूस हातपाय मारतो, बाई. वरडतो. माझा भैरू नुसता गप झाला."

"म्हणजे तो बुडला नाही," बाई म्हणाल्या. "आधी त्याचा ठोका बिघडला. पाण्याखाली तो नंतर गेला. विहिरीनं त्याला काही केलं नाही."

सोनबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पंधरा वर्सांत ह्ये मला कुणी इचारलंच न्हवतं," ते म्हणाले. "जो तो म्हनायचा, झाकन टाक." मग ते उठले, ओसरीवरच्या बाजेवर आडवे झाले आणि सदऱ्याची बटणं सोडू लागले. "काडा माझा कागूद. पयला माझाच."

त्या दिवशी मी घरातल्या नऊजणांचे ईसीजी काढले. बायकांचे आतल्या खोलीत, दार लावून. तिथं पुरुष टेक्निशियन चालला नसता, त्यासाठीच बाईंना माझी गरज होती. मशीनचे रबरी फुगे छातीला चिकटले की पोरं किंचाळायची आणि मग स्वतःच हसायची. करंट बसेल म्हणून एक म्हातारी चुलती परसात जाऊन लपली; तिला विजयमालाताईंनी हाताला धरून आणलं.

नऊपैकी तिघांची रेघ शालूसारखीच लांब निघाली. बजरंगरावांची, त्यांच्या एका पुतण्याची, आणि सोनबांची.

सोनबा काय ते लगेच समजले. "म्हंजी माझ्यातनंच भैरूत गेलं ह्ये?"

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

"सोनबा," बाई म्हणाल्या, "तुमचं हे एवढं मोठं नाक कुणाकडून आलं?"

"बापाकडनं."

"त्याबद्दल बाप तुमची माफी मागायला आला होता?"

सोनबांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. ते रडतायत असं मला वाटलं, आणि थोडे रडतही होते, पण तेवढ्यात आत कुठंतरी हसूही फुटलं होतं. विजयमालाताईंनी तोंडाला पदर लावला. शालू मात्र उघड उघड हसली.

बाईंनी त्यांनाही गोळी लिहून दिली. "या वयात मला कशाला?" म्हणून त्यांनी हुज्जत घातली. बाई म्हणाल्या, "तुम्ही घेतलीत की बाकीचे मुकाट्यानं घेतील." दुसऱ्या दिवसापासून सोनबा रोज सकाळी अंगणात मधोमध उभे राहून, सगळ्यांना दिसेल असा हात वर करून गोळी तोंडात टाकायचे, असं बजरंगरावांनी मला नंतर सांगितलं.

बाईंना सगळं घराणं तपासायचं होतं. सोनबांच्या चुलत्यांच्या शाखा, लग्न होऊन गेलेल्या लेकी, त्यांची मुलं. वडगाव, नऱ्हे, खडकवासला, कर्वेनगर. हे सोपं नव्हतं. सासरी लेकीच्या हृदयात खोट निघाली तर काय, ही भीती प्रत्येक घरात होती. आम्ही दोघी गेलो असतो तर दारातच चहा पाजून आम्हाला वाटेला लावलं असतं. पण पुढे सोनबा असायचे. धुवट धोतर, फेटा. दारात उभे राहून ते खणखणीत आवाजात सांगायचे, "रोग न्हाय ह्यो. वायरिंग हाय नुसतं. बाई तपासून जातील." वायरिंगचा किस्सा त्यांना मीच सांगितला होता.

नऱ्ह्याच्या एका घरानं दार उघडलंच नाही. सोनबा अंगणात चार तास बसून राहिले. आम्ही दोघी चिंचेखाली मशीन घेऊन. शेवटी तसेच परतलो. त्या घरातली माणसं पाच वर्षांनी आपण होऊन माझ्या खोलीत आली, तेव्हा सोनबांची आठवण काढून सासूबाईच सगळ्यांत आधी टेबलावर झोपल्या.

असे तीन वर्षांतले बहुतेक रविवार गेले. दुपारी कुणाच्या ना कुणाच्या घरी पिठलं-भाकरी व्हायची. माझे यजमान वारल्यापासून रविवार मला खायला उठायचा. ती तक्रार संपली. अठ्ठावन्न माणसं तपासली, त्यातल्या एकवीस जणांची रेघ लांब निघाली. एकवीस जण गोळी घेऊ लागले. फिटच्या गोळ्या सुटल्यावर शालू वर्गात जागी राहायला लागली आणि सातवीला गणितात पहिली आली. तिला मंद म्हणणाऱ्या मास्तरांना बजरंगरावांनी घरी बोलावून जेवू घातलं. "बोललात तरी काय त्यांना?" मी विचारलं. "काय न्हाय. नुसता मार्कांचा कागूद ताटाशेजारी ठेवला," ते म्हणाले.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात सोनबांनी विहिरीवरचे दगड आणि पत्रे काढले. गाळ उपसायला सगळी भावकी आली. पाणी चढल्यावर आम्हालाही बोलावणं आलं. जाऊन बघते तर सोनबा काठावर खुर्ची टाकून बसलेले, हातात बाईंनी दिलेली यादी, डोळ्यांवर बजरंगरावांचा चष्मा. पोरं रांगेत उभी.

"तू उतर. तू उतर. तू न्हाय, तू माझ्याशेजारी बस. तू उतर."

ज्यांना उतरायची मनाई होती ती पोरं थोडा वेळ हिरमुसली. मग सोनबांनी त्यांना प्रत्येकी एकेक बादली दिली, आणि पोहणाऱ्यांच्या डोक्यावर ती वरून ओतायचं काम सांगितलं. त्या दिवशी सगळ्यात मोठा आरडाओरडा काठावरच होता. सुनीतीबाई साडीचा काठ भिजवत तिथंच उभ्या होत्या. एका पोरानं एक बादली त्यांच्यावरही ओतली. त्यांनी बादली घेतली, भरली आणि हिशोब चुकता केला.

बाईंनी हे सगळं लिहून परदेशी नियतकालिकाकडे पाठवलं. चार महिन्यांनी नकार आला: औषधाचा गुण आला म्हणायला कालावधी पुरेसा नाही. बाई तो कागद घेऊन माझ्या खोलीत येऊन बसल्या. त्यांना खचलेलं मी तेव्हाच काय ते पाहिलं. तेवढ्यात यज्ञेश्वर सर आत आले. त्यांनी नकाराचं पत्र वाचलं, मग बाईंचा लेख मागून घेतला. मला वाटलं, आता टोमणा येणार.

दुसऱ्या दिवशी लेख परत आला तो लाल शाईनं भरून. प्रत्येक पानावरचं इंग्रजी सरांनी सुधारलं होतं. शेवटी मराठीत लिहिलं होतं, "घाई करू नका. तीन वर्षं कुणी दगावलं नाही, तर पाच वर्षंही दगावणार नाही. तेव्हा पाठवा."

बाईंनी थांबून पाठवला. पाच वर्षांत एकवीसपैकी एकही माणूस दगावलं नाही. १९९२ साली लेख छापून आला. सरांनी सगळ्या डॉक्टरांना चहाला बोलावलं आणि भाषण केलं ते एवढंच: "वायरिंगबद्दल मी जे काही बोललो होतो ते मागे घेतो. बिस्किटं घ्या."

लेखाची प्रत घेऊन आम्ही धायरीला गेलो. सोनबांनी ती उलटसुलट करून पाहिली. "आमचं नाव कुठं हाय?"

"नाव छापायचं नसतं, सोनबा. पेशंटचं गुपित राखावं लागतं. 'डी कुटुंब' असं लिहिलंय."

"डी म्हंजी?"

"धायरी."

सोनबांनी शेवटचं पान उघडलं. "गावाचं नाव आलं न्हवं? मग ऱ्हाऊ द्या. पर ह्ये खाली शेवटाला काय लिव्हलंय ते वाचा."

शेवटच्या ओळीत बाईंनी लिहिलं होतं की, या कुटुंबातल्या ज्येष्ठ गृहस्थांनी दारोदार चालून माणसं गोळा केली नसती तर हे संशोधन झालं नसतं. बाईंनी ते मराठीत सांगितलं. सोनबांनी पुन्हा वाचायला लावलं. मग चुलतीला बोलावून तिसऱ्यांदा.

त्यानंतर बाईंचं नाव झालं. आमच्याकडे गुरुवारी फक्त ठोक्यांची ओपीडी सुरू झाली. साताऱ्याहून, नगरहून माणसं यायची. वर्षानुवर्षं फिटच्या गोळ्या खाल्लेली, अंगात येतं म्हणून देवाला बांधलेली. त्यातल्या प्रत्येकाचा ईसीजी लांब निघायचा असं नाही, पण प्रत्येकाचा मोजला मात्र जायचा. बाईंनी नवीन डॉक्टरांना शिकवलं. शेडग्यांच्या रक्ताचे नमुने बाहेर पाठवले आणि घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलेला तो बारीकसा फरक नेमका कुठं आहे हेही सापडलं. त्यांना बाहेर बोलावणी आली, त्या भाषणं देऊन आल्या. परत आल्या की चार वाजता माझ्या खोलीत.

शालू बी.एससी., बी.एड. झाली आणि कर्वेनगरच्या शाळेत शिकवू लागली. शहाण्णव साली तिचं लग्न ठरलं. मुलगा अनंत, बँकेत नोकरीला. सोनबांचं म्हणणं, आधी सगळं सांगायचं, मगच सुपारी. सांगायला सुनीतीबाई स्वतः गेल्या, मला घेऊन. त्यांनी अर्धा तास समजावलं. अनंतचे वडील शेवटी म्हणाले, "मुलगी गोळी घेते. बरं. आमचा मुलगा सकाळचा चहा स्वतः करून घेत नाही, ते तुम्हाला कुणी सांगितलं का?" लग्न जमलं.

अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात शालूला मुलगी झाली. नऊ महिने गोळी चालू होती आणि बाळंतपणभर बाई मॉनिटरसमोरून हलल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाचा ईसीजी काढला. एवढीशी छाती, मोठे फुगे कुठं बसणार! मी चिकटपट्टीची बारीक टोकं लावली. मशीन आता नवं होतं, बारा रेघा एकदम निघायच्या. पोर झोपेतच हातपाय आखडत होती, त्यामुळे तीनदा कागद वाया गेला.

खोलीत सगळे होते. शालू उशीला टेकून, अनंत उभा, बजरंगराव, विजयमालाताई, आणि खिडकीशी खुर्चीत अठ्ठ्याहत्तर वर्षांचे सोनबा. बाईंनी मोजलं. वाट बघत असलेल्यांना ताटकळत ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"आहे," त्या म्हणाल्या. "लांब आहे."

मी शालूकडे पाहिलं. तिनं बाळाच्या कपाळावरचं जावळ मागे सारलं आणि विचारलं, "औषध आजपासूनच ना?"

"आजपासून. पातळ करून देऊ. थेंब मोजून."

"मला शिकवा," अनंत म्हणाला. "सकाळचा डोस माझ्याकडे." त्यावर बजरंगरावांनी विचारलं, "अन् च्या?" तर तो म्हणाला, तोही आता जमतो.

कुणी रडलं नाही. विजयमालाताईंनी पिशवीतून डिंकाचे लाडू काढले. बारा वर्षांपूर्वी ज्या शब्दानं हे घर गारठून गेलं असतं तो शब्द ऐकून झाला होता, आणि घर लाडू खात होतं.

"बरं, नावाचं काय?" सोनबा खुर्चीतून म्हणाले. "औषधाच्या कागदावर लिवायला नाव तर पायजे का न्हाय?"

मग जे सुरू झालं ते विचारू नका. अनंतच्या आईनं चार नावं लिहून पाठवली होती, ती कुणालाच आवडली नाहीत. बजरंगरावांना देवीचं नाव हवं होतं. सोनबा म्हणाले, शकू ठेवा. शालू म्हणाली, आजोबा, एवढं जुनं नको. नर्स दोनदा दारात येऊन गप्प बसायला सांगून गेली. सुनीतीबाईंची नऊची ओपीडी होती. घड्याळात साडेनऊ वाजले होते. मी त्यांना खूण केली. त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं, पलंगाच्या कडेवर सावरून बसल्या, दुसरा लाडू घेतला आणि म्हणाल्या, "नीरजा कसं वाटतं?"